रविवारची एक दिवसाची सहल: गगनबावडा की आंबोली?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली विचारतात:

जुलैच्या तिसऱ्या रविवारी घरच्यांना घेऊन पाऊस बघायला जायचं आहे. कोल्हापुरातून सकाळी निघायचं आणि रात्री आठच्या आत घरी. एक सात सीटर गाडी, दोन मोटारसायकली, माणसं नऊ. त्यात आई (गुडघे दुखतात, वीस-पंचवीस पायऱ्यांपुढं नको) आणि ६ व ९ वर्षांची दोन मुलं. मोटारसायकलवाल्यांना आंबोलीच पाहिजे, बाकीच्यांना गगनबावडा चालेल. दोन्हीकडं नेमका किती वेळ हातात उरतो, आईंना बसल्या जागी काय दिसेल, आणि पाऊस जोरात असेल तर कुठला रस्ता आधी बंद होतो, एवढं सांगा. "दोन्ही भारी आहेत" असं उत्तर नको.

---

घाटमाथा_४१६:

आधी घड्याळ बघा. गगनबावडा कोल्हापुरातून साधारण ५५ किलोमीटर. फुलेवाडी, बालिंगा, सांगरूळ फाटा, कळे, असळज करत पावसात दीड तास धरा. आंबोली निपाणी-उत्तूर-आजरा मार्गे ११० च्या आसपास, म्हणजे मुलांना घेऊन एका चहाच्या थांब्यासकट तीन तास. जाऊन-येऊन तीन तास विरुद्ध सहा तास. आठला घरी पोचायचं तर आंबोलीहून साडेचारला गाडी हलली पाहिजे, आणि रविवारी साडेचारला आंबोलीच्या घाटातून हवी तेव्हा गाडी निघत नाही. त्यामुळं तुमच्या माणसांसाठी माझं मत सरळ गगनबावड्याला.

साडेसातला निघा, नऊला गगनबावड्यात. गावातून दोन घाट कोकणात उतरतात: करूळ वैभववाडीकडं आणि भुईबावडा खारेपाटणच्या बाजूला. पूर्ण उतरायची काही गरज नाही. घाटाच्या तोंडापासून तीन-चार किलोमीटर खाली जाऊन, रुंद जागा बघून गाडी वळवायची आणि परत वर यायचं. आईंना गाडीत बसूनच दरी आणि समोरच्या कड्यावरून पडणारं पाणी दिसतं. दोन्हींत भुईबावडा अरुंद, सात सीटर वळवायला त्रास. करूळ घ्या. फक्त दरड आली की एक घाट बंद करून सगळी वाहतूक दुसऱ्याकडं वळवतात. त्या दिवशी अवजड गाड्याही तिथंच येतात, मग माथ्यावरूनच बघून परत फिरा.

गगनगडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे. गाडी बरीच वर जाते, पण पुढं पायऱ्या आहेत आणि त्या आईंच्या हिशेबात बसणाऱ्या नाहीत. त्यांच्याबरोबर एकजण खाली थांबा, बाकीच्यांनी तासाभरात जाऊन या. वर धुकं असेल तर लगेच उतरू नका. इथलं धुकं लाटांनी येतं. दहा-पंधरा मिनिटं पांढरी भिंत असते, मग वाऱ्याचा एक झोत येतो आणि खालचं कोकण उघडं पडतं.

परतताना असळजजवळून आत पळसंबे आहे. ओढ्यातच पडलेल्या मोठ्या धोंड्यांमधून कोरलेली छोटी देवळं आहेत, एकेक देऊळ अख्ख्या एका दगडाचं. पावसाळ्यात ओढा त्यांच्या पायथ्याला घासून वाहतो. दिसायला सुंदर, पण दगडावर शेवाळ असतं आणि वर डोंगरात सर आली की इथं पाणी चढायला वेळ लागत नाही. पाणी गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहून यायला लागला की मुलांना ताबडतोब काठावर घ्या.

जेवणाचं मात्र बावड्यात फार काही धरू नका. दशम्या, चटणी, दही घरून न्या.

---

हिरण्यकेशी_काठ:

वरच्या घड्याळाशी भांडण नाही, पण आंबोली म्हणजे फक्त घाटातला मुख्य धबधबा असं धरलं की हिशेब चुकतो. तो धबधबा गावाच्या पुढं तीनेक किलोमीटरवर, सावंतवाडीच्या उताराला आहे. रविवारी कोल्हापूर, बेळगाव, गोवा सगळं तिथं एका वळणावर गोळा होतं. रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांमुळं एकच लेन उरते, आणि बस समोर आली की तासभर कोणी हलत नाही. तिकडं गेलाच नाहीत तर निम्मा त्रास संपला.

आजऱ्याकडून येताना नांगरतास धबधबा आंबोलीच्या अलीकडं साधारण दहा किलोमीटरवर लागतो. पाणी एका अरुंद चिरेत उतरतं, वरून रेलिंगला धरून बघायचं, रस्त्यापासून चालणं अगदी थोडं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी आंबोलीतली ही सगळ्यात सोयीची जागा. तिथून हिरण्यकेशी. नदी गुहेतून बाहेर पडते तिथंच देऊळ आहे. त्या कुंडातल्या माशाची 'शिस्टुरा हिरण्यकेशी' म्हणून २०२० मध्ये नवी जात नोंदली गेली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. म्हणून कुंडात पाय बुडवणं, साबण, निर्माल्य काही नको. मुलांना पाणी ढवळू न देता काठावर बसवलं तर मासे दिसतात.

कावळेसाद गेळे गावाकडं आहे. दरीतून वारा वर येतो आणि कड्यावरून पडणारं पाणी उलटं अंगावर फेकतो. वारा पडला तर उलटा धबधबा नाही, धुकं असेल तर काहीच नाही. मुलं बरोबर असताना रेलिंगच्या अलीकडं चार पावलं थांबा. पलीकडचं गवत ओलं असतं, खाली माती सैल, आणि कडा कुठं संपतो ते गवतामुळं कळत नाही.

हे सगळं रविवारी करायचं तर पहाटे साडेपाचला गाडी कागलच्या पुढं पाहिजे. मुलांसकट नऊ माणसं घेऊन ते जमत असेल तरच या वाटेला लागा. मंगळवार-बुधवारी सुट्टी काढता आली तर मी गगनबावड्याचं नावही घेणार नाही.

जाता जाता: येताना आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या. मुठीत घेऊन हुंगला की वास आला पाहिजे. नुसता बारीक तांदूळ घनसाळ म्हणून गळ्यात मारणारेही आहेत.

---

पाणीपातळी:

रस्त्याच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही.

गगनबावडा रस्ता आधी बंद होतो, आणि तो कोल्हापुरात बसून कळत नाही. सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण ते पंचगंगेचं माप, म्हणजे कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती सगळ्यांचं पाणी खाली येऊन मिळाल्यावरचं. गगनबावड्याचा पाऊस आधी कुंभीत उतरतो आणि मांडुकलीजवळ रस्त्यावर येतो. तेव्हा राजारामला पाणी इशाऱ्याच्या बरंच खाली असू शकतं. "पातळी ३४ आहे, काय होत नाही" म्हणून निघालेल्या गाड्या मांडुकलीत थांबतात त्या यामुळं. तुमच्यासाठी खरी खूण म्हणजे शुक्रवार-शनिवारचा गगनबावडा तालुक्याचा पाऊस. जिल्ह्यात सगळ्यात जास्त तिथंच पडतो. दोन दिवस सलग अतिवृष्टी असेल तर रविवारचा बेत सोडा. लखमापूरच्या कुंभी धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी असेल तर नक्कीच सोडा.

दुसरी अडचण बालिंगा. तिथला पूल भोगावतीवर आहे. राधानगरी धरण भरलं की तिथले सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक. ते पाणी भोगावतीनंच खाली येतं. म्हणजे सकाळी जाताना पूल मोकळा आणि संध्याकाळी परतताना बंद, असं होऊ शकतं. दुपारी दरवाजे उघडल्याची बातमी आली तर पळसंबे सोडून थेट घरी.

आंबोलीच्या बाजूला निपाणीपर्यंत हायवे आहे, तो सहज बंद होत नाही. २०१९ आणि २०२१ ला निपाणीजवळ यमगर्णीत वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, पण ती महापुराची वर्षं. तिकडचा धोका पाण्याचा कमी, घाटातल्या दरडीचा जास्त.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष पावसाळ्यात रोज पातळी, विसर्ग आणि बंद रस्ते जाहीर करतो. रविवारी सकाळी सहाला ते बघा आणि मगच डबे भरा. आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर खोली मोजत बसू नका. पाणी कितीही उथळ दिसो, खाली रस्ता खचला आहे की नाही ते वरून दिसत नाही.

---

बुलेट_नको_स्प्लेंडर:

मोटारसायकलवाल्यांसाठी. आदल्या दिवशी टायरची नक्षी बघा. मधला पट्टा गुळगुळीत झाला असेल तर मागं बसून गाडीतनं जावा, मान बिन काही कमी होत नाही. चेनला तेल जायच्या आधी आणि आल्यावर दोन्हीदा. पावसात चेन धुऊन निघते, कोरडी पडते आणि मग कुरकुरते. मागचा ब्रेक ड्रमचा असेल तर साचलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर तो काही वेळ लागत नाही. शंभर-दोनशे मीटर हलका दाबून धरा, लायनर गरम होऊन सुकतो. हे न करता थेट उताराला लागलात तर पहिल्याच वळणावर फजिती.

हेल्मेटची काच आतून धुरकटते. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आतल्या बाजूनं पसरायचा आणि कोरड्या कापडानं पुसून टाकायचा. थर दिसला नाही पाहिजे. दिवसभर काच साफ राहते.

गाडीवाल्यांचंही तेच दुखणं. पावसात सगळ्या काचा बंद, आत सात माणसं, पाच मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं. कापडानं पुसत बसू नका. एसी चालू, हवा काचेवर, आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद. थंडी वाजत असेल तर हवा गरमकडं न्या, पण एसी बंद करू नका. हवेतला ओलावा तोच काढतो.

धुक्यात दिवा खालचा. वरचा लावला की उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यात येतो. चारी इंडिकेटर लावून चालायची जी पद्धत पडली आहे ती बंद करा. मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय काही कळत नाही. उताराला दुसरा गियर. सारखा पाय ब्रेकवर ठेवला की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सोडतात.

आणि अंधार पडायच्या आत माथा सोडा. दोन्ही रस्त्यांवर संध्याकाळी गवे रस्त्यात उभे असतात. धुक्यात काळा गवा दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. दिसला तर हॉर्न न वाजवता थांबा. एक गेला म्हणून पुढं घुसू नका, मागं कळप असतो.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली:

आभार. गगनबावडा ठरतंय. शेवटचा प्रश्न: सकाळी सहाला मांडुकली बंद दिसली तर राधानगरीला राऊतवाडी धबधब्याकडं वळावं का?

---

पाणीपातळी:

मांडुकली बंद म्हणजे पश्चिमेला सगळीकडंच पाऊस झाला आहे. तेव्हा राधानगरी परिसरही कोरडा नसतो, आणि दुपारी दरवाजे उघडले तर भोगावतीच्या काठाकाठानंच परत यायचं. त्या दिवशी तो रस्ता नको. राऊतवाडी मध्यम पावसाच्या दिवसासाठी ठेवा.

---

हिरण्यकेशी_काठ:

तशा दिवशी निपाणीकडून आजरा गाठा. गावालगत रामतीर्थ आहे, हिरण्यकेशी तिथं खडकावरून खाली पडते. आईंना काठाजवळ बसून बघता येतं, फक्त खडकात कोणी उतरायचं नाही. दुपारी दोनपर्यंत हाताशी वेळ असला तर नांगरतासपर्यंत जा आणि तिथूनच माघारी. आंबोली गावात शिरायचं नाही, घाट बघायचा नाही. मोटारसायकलवाले कुरकुर करतील, त्यांना नांगरतासच्या टपरीवर भजी घेऊन द्या. कोगनोळी नाक्याला गाडीचा फास्टॅग रिकामा नाही ना ते शनिवारीच बघा. आणि पेट्रोल कर्नाटकच्या हद्दीत भरायची सवय असली तरी रविवारी सकाळी त्या पंपांवरही रांग असते, टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवा.