परदेशातले एक शैक्षणिक वर्ष : आपापले अनुभव लिहा

नौपाड्याची
आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला जाणार असल्यामुळे गेल्या रविवारी मी पोटमाळा रिकामा करत होते, तेव्हा जुन्या हिवाळी कोटाच्या खिशात पाच रिकाम्या बाटल्यांची सव्वा युरोची पावती सापडली. शाई जवळजवळ उडाली आहे, पण आकडा वाचता येतो. 2011 च्या ऑक्टोबरपासून वर्षभर मी जर्मनीत ग्योटिंगेनला शिकत होते. तिथे प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट अनामत घेतात, आणि दुकानातल्या यंत्रात बाटली परत टाकली की तेवढ्या रकमेची पावती हाती येते. शेवटच्या शनिवारी गल्ल्यावर मोठी रांग होती, दुसऱ्या दिवशी रविवार म्हणजे दुकाने बंद, आणि सोमवारी माझे परतीचे विमान; पावती खिशातच राहिली.

त्या वर्षातले पहिले गुण मी घरी कळवले ते 1.7. तिकडे 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि 5.0 म्हणजे नापास, हे सांगायचे माझ्या डोक्यातच आले नाही. बाबांनी आठवडाभर शेजारीपाजारी कोणाला काही सांगितले नाही, आणि आईने मात्र फोनवर हळूच विचारले, "पाचपैकी पावणेदोनही नाहीत का गं?"

जे असे वर्षभर शिकून परत आले, त्यांनी जरूर लिहावे. पदवीचे आणि पगाराचे नको, वर्ष कसे गेले तेवढेच हवे.

नेरूळकर
माझे वर्ष जपानमध्ये गेले. भाषेपेक्षा कचऱ्यानेच मला जास्त रडवले. जळणारा कचरा ठरावीक वारी, प्लास्टिक वेगळ्या वारी, बाटल्या आणखी तिसऱ्या वारी, आणि चूक झाली की पिशवी तिथेच ठेवून तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली असे. पहिल्या महिन्यात अशा तीन चिठ्ठ्या मिळाल्या. चौथ्या वेळी शेजारच्या आजी काही न बोलता माझी पिशवी घेऊन खाली बसल्या आणि दुधाचे खोके कसे धुवायचे, कापायचे आणि सपाट करून बांधायचे ते त्यांनी हातांनी करून दाखवले. नेरूळला परतल्यावर मी दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालू लागलो, तेव्हा आईला वाटले की पोराला तिकडे काहीतरी झाले आहे.

घोडबंदर रोड
नेरूळकर, आमच्या सोसायटीत ओला-सुका वेगळा करण्यावरून दर महिन्याला सभा होते. त्या आजींना कृपया इकडे पाठवावे.

जांभळी नाक्याचे काका
मी स्वतः गेलो नाही, मुलीला पाठवले आहे, तरी लिहितो. बॅगेला 23 किलोची मर्यादा होती आणि घरातला वजनकाटा दर वेळी वेगळे सांगत होता, म्हणून बॅग उचलून ओळखीच्या धान्यवाल्याकडे नेली. त्याने ती तांदळाच्या पोत्यासारखी काट्यावर टाकली आणि म्हणाला, "शेठ, साडेपंचवीस. अडीच किलो काढा." काढले काय, तर हिने दोन दिवस खपून केलेली भाजणी आणि मेतकूट. पुस्तके तशीच राहिली, याचा राग घरात अजून आहे.

पैशांचेही सांगतो. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी भरावे लागले, आणि त्यातून मुलीला महिन्याला 992 युरोच काढता येतात. आमच्या पिढीत कोणाला असा शिस्तीचा पगार मिळाला असता तर बरे झाले असते.

खारघरची
माझा अनुभव थोडा कडू आहे. मी एक्सचेंजवर फ्रान्सला गेले, दोन सत्रांत प्रत्येकी 30 असे 60 ईसीटीएस क्रेडिट (युरोपातल्या विद्यापीठांचे श्रेयांक) पूर्ण केले, आणि परत आल्यावर इथल्या महाविद्यालयाने सांगितले की त्यातले तीन विषय आमच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत. जाण्यापूर्वी विभागप्रमुखांनी "काही अडचण येणार नाही" असे तोंडी सांगितले होते. ते मधल्या काळात निवृत्त झाले. ते तीन विषय मी धाकट्या वर्गाबरोबर बसून पुन्हा दिले. जाणाऱ्यांनी विषयांची यादी सहीशिक्क्यासह आधीच घ्यावी, मग विमानाचे तिकीट काढावे.

वाशीकर
2019 च्या सप्टेंबरला गेलो, म्हणजे पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मार्चमध्ये भारतात येणारी विमाने थांबली, वसतिगृह रिकामे झाले, आणि एका लांबलचक मजल्यावर मी आणि एक नायजेरियन मुलगा असे दोघेच उरलो. परीक्षा खोलीतूनच दिल्या. अडकलेल्यांना परत आणणाऱ्या सरकारच्या वंदे भारत मोहिमेच्या विमानाने जूनमध्ये आलो तेव्हा सात दिवस वाशीतल्याच एका हॉटेलात विलगीकरणात ठेवले. घर चालत दहा मिनिटांवर होते. आई रोज संध्याकाळी समोरच्या पदपथावर येऊन उभी राहायची, मी चौथ्या मजल्यावरून दिवा लावून बंद करायचो, आणि मग ती घरी जायची. परदेशातल्या नऊ महिन्यांत घराची जेवढी आठवण आली नाही, तेवढी त्या सात दिवसांत आली.

नौपाड्याची
वाशीकर, हे वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

ऐरोलीकर
तुमच्या पावतीविषयी एक शंका. अशी पावती तीन वर्षांनी कालबाह्य होते ना?

नौपाड्याची
हो, 2015 च्या अखेरीस तिची मुदत संपली. कोट मुलीने घेतला आहे, ठाण्यात त्याचे ती काय करणार ते तिलाच ठाऊक. पावती मात्र परत त्याच खिशात ठेवली आहे.