झटपट ओव्हनमध्ये कोणती भांडी वापरावीत?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. भुसावळला स्टेशनजवळ आमचे छोटे उपाहारगृह आहे. मायक्रोवेव्ह आणि गरम हवेचा झोत एकाच वेळी चालवणारा एक रॅपिड-कुक ओव्हन आम्ही गेल्या महिन्यात जुन्यात घेतला. सँडविच, पिझ्झा आणि भरताची वांगी त्यात करावीत, शेवभाजीही गरम करावी, असा विचार होता. पहिल्याच आठवड्यात ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असे छापलेला प्लास्टिकचा डबा कडेने वितळून जाळीला चिकटला आणि सोनेरी काठाच्या बशीतून ठिणग्या उडाल्या. ओव्हनबरोबर माहितीपुस्तिका मिळालेली नाही. आता कोणती भांडी घ्यावीत आणि घरातल्या स्टीलच्या ताटल्या चालतील का, हे कृपया सांगावे.

भांडेबाजार
तापीकाठ भाऊ, डब्यावरचा शिक्का खोटा नव्हता, तो अपुरा होता. लहरी त्या प्लास्टिकमधून पार जातात, एवढीच हमी त्या शिक्क्यात असते. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये आतली हवा फारशी तापत नाही, म्हणून तेवढे पुरते. या ओव्हनमध्ये मात्र अडीचशे अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम हवा जोराने भांड्यावर आदळत असते आणि डब्यांचे नेहमीचे पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांच्या पुढे वितळते. म्हणजे भांड्याने लहरींना वाटही द्यावी आणि भट्टीची आचही सोसावी, अशा दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. मेलामाइनच्या प्लेट तर पहिल्याच अटीला नापास होतात, कारण त्या स्वतःच लहरी शोषून तापतात.

सोनेरी काठ हा धातूच असतो. त्या पातळ थरात वीज खेळते आणि ठिणगी पडते. स्टीलची ताटली लहरी परतवते, त्यामुळे पदार्थाला खालून लहरी मिळत नाहीत. शिवाय ताटली ओव्हनच्या भिंतीजवळ गेली की ठिणग्यांची भीती असतेच. काही कंपन्या ठरावीक आकाराचे धातूचे भांडे चालवून घेतात, काही अजिबात नाही. तेव्हा मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या संकेतस्थळावरून पुस्तिका उतरवून घ्या, आणि ती हाती येईपर्यंत स्टील बाहेरच ठेवा.

खापरावरची पोळी
आमच्याकडे धुळ्यात असाच ओव्हन चार वर्षे चालतो आहे. माझ्या मते भांड्याच्या जातीइतकाच त्याचा आकार महत्त्वाचा आहे, आणि लोक नेमके तेच विसरतात. सुरुवातीला मी सिरॅमिकचे खोल वाडगे घेतले होते. हवेचा झोत उंच कडेवर अडायचा, वरचे चीज फिकट राहायचे आणि मधला भाग मात्र लहरींनी उकळत असायचा. आता बोटभर उंच काठाच्या, पूर्ण झिलई केलेल्या, भट्टीत चालणाऱ्या सपाट सिरॅमिक थाळ्या वापरतो. झिलई नसलेले मातीचे भांडे पाणी पिते, ते पाणी लहरींनी तापते आणि भांडे तडकू शकते. हौसेने आणलेले एक खापर मी असेच गमावले.

काच घ्यायचीच असेल तर बोरोसिलिकेट घ्यावी, कारण तापल्यावर ती साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते. तरीही ओव्हनमधून काढलेले भांडे ओल्या ओट्यावर टेकवू नका, लाकडी पाटावर ठेवा.

एक थाळी पक्की झाली की त्याच थाळीवर प्रत्येक पदार्थाची वेळ बसवा. जड थाळी स्वतःच बरीच उष्णता खाते, त्यामुळे आज हलकी आणि उद्या जड थाळी वापरली तर नव्वद सेकंदांचा कार्यक्रम एकदा करपवतो आणि एकदा कच्चे ठेवतो.

शेवभाजीचे म्हणाल तर तो रस्सा गॅसवरच ठेवा. झोताने तर्री उडून भिंतींवर बसते आणि ती घासण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात पातेले दोनदा गरम होते.

गिरणाकाठ
कागदाविषयी थोडे. बेकिंगचा कागद साधारण २२० अंशांपर्यंतच टिकतो आणि मेणकागदाचे मेण तर लगेच वितळते. सँडविचसाठी आम्ही टेफ्लॉनची जाळी किंवा चादर वापरतो. तिची नेहमीची मर्यादा २६० अंश असते, म्हणून ओव्हन त्याहून वर लावलेला असेल तर तीही काढावी लागते. सिलिकॉनच्या साच्यांवरचा आकडा घेताना वाचून घ्यावा, पुष्कळ साचे २३० अंशांवरच थांबतात. पार्सलचा डबा पदार्थ काढल्यावर भरायचा, ओव्हनमध्ये घालायचा नाही.

भांडे लहरींनी तापते का, हे घरच्या मायक्रोवेव्हमध्ये तपासावे. रिकाम्या भांड्याशेजारी पेलाभर पाणी ठेवून एक मिनिट चालवा. पाणी कोमट झाले आणि भांडे थंड राहिले, तर ते पहिल्या अटीला उतरले. तुमच्या ओव्हनमध्ये ही चाचणी करून उपयोग नाही, कारण तिथे गरम हवेने प्रत्येक भांडे तापणारच.

तापीकाठ
सर्वांचा आभारी आहे. पुस्तिका मिळाली आणि आमच्या मॉडेलला धातू वर्ज्य असल्याचे त्यात स्पष्ट लिहिले आहे. काल सपाट सिरॅमिक थाळीत, टोचे मारून आणि तेलाचा हात फिरवून, भरताचे एक हिरवे वांगे ठेवले. ते फुटले नाही आणि आतून लोण्यासारखे शिजले. पण कपाशीच्या काड्यांवरचा धुरकट वास त्याला आला नाही, तेव्हा भरीत आमच्याकडे काड्यांवरच होईल आणि ओव्हन सँडविच-पिझ्झापुरता राहील. अशा थाळ्या जळगावात किंवा भुसावळात सुट्या मिळतात का, की पुण्याहूनच मागवाव्या लागतील?

भांडेबाजार
हॉटेलची भांडी विकणाऱ्या दुकानात सुट्याही मिळतात. सहाच घ्या, आठवडाभर वापरा, मग पुढची खरेदी करा. आणि बुडाला ओव्हनमध्ये चालत असल्याची खूण पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.