वृद्ध आईवडिलांना तोतया पोलिसांच्या डीपफेक व्हिडिओ कॉलपासून कसे वाचवावे? मदत हवी आहे

नमस्कार. माझे आईवडील साताऱ्यात दोघेच राहतात. वडील ७४ वर्षांचे आहेत, आई ६९ वर्षांची आहे आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. वडिलांच्या ज्येष्ठ नागरिक संघातील एका सभासदांना नुकताच व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेशातील अधिकारी होता, मागे पोलीस दलाचे बोधचिन्ह होते आणि तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून काळ्या पैशाचा व्यवहार झाला आहे, असा आरोप होता. त्यांची मुलगी वेळेवर घरी आली म्हणून पैसे वाचले. परंतु त्या अधिकाऱ्याचा चेहरा आपण वर्तमानपत्रात पाहिलेलाच होता, असे ते गृहस्थ आजही खात्रीने सांगतात आणि माझ्या वडिलांना ते पटते. चेहरा ओळखीचा, म्हणजे माणूस खरा, हे त्यांच्या मनातून काढणे मला जमलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

डीपफेकची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या दुसऱ्याच्या हुबेहूब चेहऱ्याची आणि आवाजाची, ही भीती काल्पनिक नाही. २०२३ मध्ये गाझियाबाद येथील ७६ वर्षांच्या एका गृहस्थांना उत्तर प्रदेशातील निवृत्त आयपीएस अधिकाऱ्याचा चेहरा आणि आवाज वापरलेले व्हिडिओ कॉल करून धमकावण्यात आले आणि त्यांच्याकडून सुमारे ७४ हजार रुपये उकळण्यात आले. दुसरीकडे, २०२४ मध्ये लुधियानाचे उद्योगपती एस. पी. ओसवाल यांना सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी व्हिडिओवर दाखवून आणि तत्कालीन सरन्यायाधीशांचे सोंग आणून सात कोटी रुपयांना फसवण्यात आले. एवढा मोठा उद्योग चालवणारा माणूसही फसतो, हे मी वडिलांना मुद्दाम सांगितले, कारण हा विषय काढला की आपल्या बुद्धीवर शंका घेतली जात आहे, असे त्यांना वाटते.

डीपफेक ओळखण्याच्या युक्त्या मी वाचल्या आहेत. समोरच्याला मान पूर्ण बाजूला वळवायला सांगावी, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगावा, ओठांची हालचाल आणि शब्द जुळतात का ते पाहावे. हलक्या दर्जाचे सॉफ्टवेअर अशा वेळी उघडे पडू शकते, पण चांगले असेल तर काहीच दिसत नाही, आणि परीक्षेत उतरलेला चेहरा उलट अधिक खरा वाटू लागतो. शिवाय घाबरलेला वृद्ध माणूस पोलीस उपायुक्त म्हणवणाऱ्याला मान वळवायला सांगेल, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. परीक्षा घेत बसणे म्हणजे कॉल चालू ठेवणे, आणि फसवणाऱ्याला नेमके तेच हवे असते. म्हणून आमच्या घरात चेहरा तपासायचाच नाही, फक्त कार्यपद्धती तपासायची, असे मी ठरवू पाहत आहे.

त्यासाठी कायद्यातील तरतुदी मी जमवल्या आहेत. वकील सभासदांनी त्या कृपया तपासाव्यात. ‘डिजिटल अरेस्ट’ (व्हिडिओ कॉलवरच ‘तुम्हाला अटक झाली आहे’ असे सांगून माणसाला घरात अडकवून ठेवणे) नावाचा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे आणि अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते, म्हणजे हे काम दारात येऊनच होते. अटक झाल्यास नातेवाइकाला कळवणे बंधनकारक आहे, त्यामुळे ‘मुलाला सांगितलेत तर त्यालाही अटक करू’ ही धमकी कायद्याच्या नेमकी उलट आहे. कलम १७९ प्रमाणे साठ वर्षांवरील व्यक्तीला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. तसेच कलम ३५ खालील पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपसारख्या माध्यमातून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे.

माझी खरी अडचण इथेच आहे. नवीन संहितेनुसार न्यायालयाचे समन्स इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही येऊ शकते, आणि कोविडनंतर अनेक न्यायालयांत दूरदृश्य प्रणालीद्वारे खरोखरच सुनावण्या होतात. त्यामुळे ‘पोलीस किंवा न्यायालय मोबाइलवर काहीच पाठवत नाही’ असे सरसकट सांगितले, तर ते खोटे ठरेल, आणि एकदा खोटे ठरलेली सूचना वडील पुन्हा मानणार नाहीत. त्यांना सांगण्यासाठी कायद्याच्या कसोटीवर टिकेल असे एकच छोटे वाक्य कोणते असावे? सध्या मी फोनजवळ लावण्यासाठी पुढील मजकूर तयार केला आहे: ‘व्हिडिओवर अटक होत नाही. चौकशीसाठी पैसे कोठेही भरावे लागत नाहीत. फोन ठेवून द्या, आईला सांगा, मग मला फोन करा. मी न उचलल्यास पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन ठाणे अंमलदारांना विचारा.’ ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक आम्ही प्रत्यक्ष ठाण्यात जाऊन लिहून आणला आहे, कारण इंटरनेटवर शोधलेला क्रमांकही बनावट असू शकतो.

या मजकुरातील सर्वांत कमकुवत जागा ‘आईला सांगा’ ही आहे, असे मला वाटते. हे लोक माणसाला एकटे पाडतात, कॅमेरा दिवसरात्र चालू ठेवायला लावतात, आणि बँकेत विचारले तर काय उत्तर द्यायचे तेही पढवतात. ज्यांच्या घरात असा प्रसंग घडला आहे, त्यांनी कृपया सांगावे की तो वेढा नेमका कशाने मोडला. शेजाऱ्याने दार वाजवल्याने, रोज ठरलेल्या वेळी येणाऱ्या मुलाच्या फोनने, की बँकेतील एखाद्या कर्मचाऱ्याच्या प्रश्नाने? आम्ही रोज रात्री ठरलेल्या वेळी बोलायचे आणि संशय असल्यास उच्चारायचा एक साधा घरगुती शब्द ठरवायचा विचार करत आहोत, परंतु भीतीच्या भरात तो शब्द आठवेल का, याची मला शंका आहे.

पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची, आणि व्यवहाराचा क्रमांक व ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील हाताशी ठेवायचा, एवढे मला माहीत आहे. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी रोखले गेले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून प्रत्यक्ष तक्रार केलेल्यांचा अनुभव हवा आहे.

शेवटचा प्रश्न बँकेचा. वडिलांची आयुष्यभराची बचत मुदत ठेवींत आहे आणि त्या मुदतीपूर्वी मोडायला सध्या दोघांपैकी एकाची सही पुरते. दोघांच्या सह्या सक्तीच्या केल्या तरी उपयोग नाही, कारण त्या कॅमेऱ्यासमोर दोघेही एकाच वेळी असतील. म्हणून मोठ्या ठेवींवर तिसरे नाव माझे घालून तिघांच्या सह्यांशिवाय ठेव मोडता येणार नाही, अशी व्यवस्था करावी आणि दवाखान्याच्या खर्चासाठी वेगळी रक्कम मोकळी ठेवावी, असा माझा विचार आहे. शाखेतून याबाबत तोंडी आणि संदिग्ध उत्तर मिळाले. ही व्यवस्था कोणी केली आहे का, अर्जात कोणते शब्द लिहावे लागले, आणि वडिलांच्या हक्कावर आपण गदा आणतो आहोत असे त्यांना वाटू नये यासाठी घरात ते कसे बोललात? येत्या आठवड्यात आम्ही दोघे मिळून शाखेत जाणार आहोत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाल्यास फार उपयोग होईल.