मदत हवी आहे: मांजरीच्या पायाला प्लास्टर, आणि बाई एका जागी बसेनात

आमची चिंगी, वय दीड वर्ष, गेल्या रविवारी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडली. कबुतराच्या नादात, दुसरं काय. परळच्या बैलघोड्याच्या हॉस्पिटलात (जनावरांचा दवाखाना) एक्स-रे काढला. मागच्या उजव्या पायाचं हाड मोडलंय. प्लास्टर किमान ५ आठवडे, उड्या पूर्ण बंद.

लालबागला चाळीतली १०×१५ ची खोली, त्यात आम्ही चौघं. पिंजरा आणलाय, पण रात्री दोनला ती असा टाहो फोडते की शेजारच्या काकू सकाळी तब्येत विचारायला येतात. बाहेर काढलं तर थेट फ्रिजवर नजर. चावू-चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला शंकूसारखा कोन १० मिनिटांत काढून टाकते आणि प्लास्टर कुरतडत बसते.

शी-शूच्या ट्रेमधले मातीचे खडे प्लास्टरमध्ये जातात म्हणून त्यात फाडलेला पेपर घातला, तर तिथे जायलाच तयार नाही. बोटं सुजली, गार पडली किंवा वास आला तर लगेच घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलंय. रोज दोनदा बघते, सध्या ठीक आहे. पण या पावसाळी दमट हवेत प्लास्टर कोरडं कसं ठेवायचं? शू करताना प्लास्टरवर पिशवी बांधली की ती वेड्यासारखी पाय झटकते.

कोनाऐवजी कापडी कॉलर कुणी वापरलीय का? आणि रात्रीच्या ओरडण्यावर काही उपाय? कृपया घरातली माणसांची गोळी सुचवू नका, पॅरासिटामॉल मांजरीला विष असतं.