मदत हवी आहे: एल्कचं (उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाचं) लोळण, म्हणजे नर लोळतो ते चिखलाचं डबकं, वापरात आहे की सोडलेलं, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मी कोलोरॅडोत राहतो. यंदा सप्टेंबरात धनुष्यबाणाने एल्कच्या शिकारीचा पहिलाच हंगाम, परवाना हातात आहे.

गेल्या शनिवारी व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात साधारण १०,००० फुटांवर, उत्तर उताराच्या स्प्रूसच्या दाट सूचिपर्णी झाडीत, झऱ्याच्या पाझरावर दोन डबकी सापडली. पहिल्यातलं पाणी गढूळ, कडेला खुरांचे ठसे, शेजारच्या खोडावर कमरेएवढ्या उंचीपर्यंत चिखल फासलेला, त्यात लांब काळपट केसही चिकटलेले. उग्र वासही होता (माजावरचा नर लोळण्याआधी त्यात मुततो म्हणे, मेळघाटात सांबराच्या लोळणापाशी असाच वास आला होता). दुसऱ्यातलं पाणी नितळ, कडेचा चिखल वाळून भेगाळलेला.

पहिलं चालू आणि दुसरं सोडलेलं, असं मी धरून चाललोय. पण माज खरा चढतो सप्टेंबरच्या मध्याला. मग दुसरं तेव्हा पुन्हा वापरात येईल का? की आत्ताच त्यावर काट मारू?

खरी अडचण वाऱ्याची आहे. सकाळी थंड हवा उतारावरून खाली येते, ऊन तापलं की वर चढते. डबकं खोलगट जागेत असल्याने दुपारी वारा नुसता गरगरतो. झाडावर मचाण बांधू की ४० यार्डांवर जमिनीवरच आडोसा करू? आणि तिथे पुन्हा किती वेळा जावं? माझ्याच वासाने जनावर बुजेल, ही धास्ती आहे.

कुणी प्रत्यक्ष बसलं असेल तर कृपया सांगा.