मदत हवी आहे: महागाच्या सिमचे पैसे खरंच वसूल होतात का?

नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातले केळीवाले. घरात चार सिम, पाचवं शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये. मोटारीची थ्री फेज वीज रात्रीची असली की अंथरुणातून फोन लावायचा आणि बटण दाबून मोटार चालू करायची.

जुलै 2024 ला तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जळगावचा मावसभाऊ म्हणाला, आता सगळीकडेच महाग झालंय, तर मग चांगलंच घ्या. घेतलं. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा त्याच भांडणात जाईल. आधीच्यापेक्षा रिचार्जला 50 रुपये जास्त लागतात. महिना 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला 13 रिचार्ज. एका सिममागे 650, पाचांचे 3250. डीएपी खताच्या दोन गोण्या येऊन वर पैसे उरतात.

मिळालं काय? शेतात रेंज फुल, स्टार्टर एकदाही अडला नाही. लेकाला जळगावात स्पीड झकास. पण घर धाब्याचं, भिंती दीड हात जाड. बुऱ्हाणपूरचे केळीचे भाव व्हॉट्सअ‍ॅपवर बघायला सकाळी ओट्यावर येऊन बसावं लागतं. आधीच्या कंपनीला निदान माजघरात तरी बोलता यायचं. आणि आई! तिचा बटणाचा फोन, रोजचा दीड जीबी कोण वापरतंय?

सगळे परत फिरवू, की काही ठेवू? परत गेलो आणि पस्तावलो तर?

प्रतिसाद 1
दादा, महाग-स्वस्त सोडा, तुमच्या गावच्या टॉवरवर कोणत्या बँडचं यंत्र आहे ते महत्त्वाचं. 850-900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात, 2300 च्या जाड भिंतीला अडतात. त्यामुळे जळगावात पळणारी कंपनी तुमच्या माजघरात लंगडू शकते.

आईंसाठी डेटाशिवायचा पॅक बघा. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितल्यावर कंपन्यांनी जानेवारी 2025 मध्ये नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक काढले. तेव्हा एअरटेलचा 84 दिवसांचा 469 ला होता. आजचा दर अ‍ॅपमध्ये बघून घ्या, दुकानदार हा पॅक आपणहून सांगत नाही. स्टार्टरलाही हाच चालेल.

स्टार्टरचं सिम मात्र विचार करून हलवा. जुने स्टार्टर 2जी वर चालतात आणि जिओला 2जी नाहीच. स्वस्त मिळालं म्हणून टाकाल आणि रात्री दोनला बॅटरी घेऊन विहिरीवर जाल.

पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा, मेसेज 1900 वर गेला की 8 अक्षरी कोड येतो, तो 4 दिवस चालतो. पण एकदा गेलात की 90 दिवस तिथेच. म्हणून आधी शेजाऱ्याचं त्या कंपनीचं सिम घरात आणून बघा.

प्रतिसाद 2
भाऊ, कसाले इतला पैसा घालस? बीएसएनएलचं 4जी आता आलंय, तेही बघ. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला तेच लागतं.

धागाकर्ता
दोघांचे आभार. काल रात्री शेजारच्या आबांचा फोन घेऊन घरभर फिरलो, आई विचारत होती काय हरवलं म्हणून. आबांचं सिम आमच्या जुन्याच कंपनीचं: माजघरात दोन दांड्या, आमच्या महागड्याची एक येते-जाते. बीएसएनएलचं सिम गल्लीत कुणाकडे सापडलं नाही.

म्हणजे माझं आणि बायकोचं सिम परत फिरवतो. आईला आहे तिथेच कॉलचा पॅक, तिची खाट ओट्यावरच असते. लेकाचं राहू दे. स्टार्टर उघडून बघितला तर डब्यावर 2जी लिहिलंय, त्याला हातच लावत नाही. त्यालाही कॉलचा पॅक टाकतो.

एकच शंका राहिली. पीक विम्याला आणि बँकेला माझाच नंबर आहे. पोर्ट होताना मध्येच ओटीपी अडकतो का? कुणाला अनुभव?