एक बाई, पाच आडनावं: केंटकीच्या ॲन मॅकगिंटीचा वंश कसा शोधायचा?

मूळशोध (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या सुनेच्या माहेरी केंटकीतल्या हॅरड्सबर्गची ॲन केनेडी विल्सन पोग लिंडसे मॅकगिंटी ही पूर्वज असल्याचं सांगतात. हाताशी आहे ते एवढं: पहिला नवरा विल्सन. दुसरा विल्यम पोग, त्याच्याबरोबर ती 1776 मध्ये फोर्ट हॅरडला (हॅरड्सबर्गच्या किल्ल्यात) आली. केंटकीत पहिला चरखा तिनेच आणला असं मानतात. विल्यम 1778 मध्ये मारला गेला. तिसरा नवरा जोसेफ लिंडसे 19 ऑगस्ट 1782 ला ब्लू लिक्सच्या लढाईत पडला. मग जेम्स मॅकगिंटीशी लग्न, आणि 1815 मध्ये तिचा मृत्यू.

ऑनलाइन वंशवृक्षांत मात्र एकच मूल कुठे विल्सनचं, तर कुठे पोगचं दाखवलंय. कोणत्या मुलाचा बाप कोण, हे कागदावर कसं सिद्ध करायचं? जन्मनोंदी कुठे मिळतील?

जुनं दप्तर

जन्मनोंदींच्या मागे लागू नका. केंटकीत सरकारी जन्मनोंदींची पहिली सुरुवात 1852 ची. 1790 आणि 1800 ची जनगणना नष्ट झाली आहे, आणि 1810 च्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं असतं.

शोध बाईचा नको, तिच्या मेलेल्या नवऱ्यांचा घ्या. त्या काळच्या कायद्यात नवरा हयात असेतो बायकोला स्वतंत्र व्यवहारच नव्हता, त्यामुळे ती दप्तरात जवळजवळ दिसत नाही. नवरा गेला की मिळकतीची व्यवस्था तिच्याकडे येते आणि तिचं नाव कोर्टाच्या ऑर्डर बुकात (हुकमांच्या वहीत) चढतं. कोर्ट तीन-चार शेजारी नेमून सामानाची यादी करून घेई. त्यात गायीगुरं, भांडीकुंडी, चरखा, माग सगळं किमतीसकट उतरवलेलं असे. आधी व्यवस्थापक नेमल्याची नोंद शोधा, मग यादी, मग हिशेब.

सगळ्यात मोलाचा हा शेवटचा हिशेब. दरम्यान बाईने पुन्हा लग्न केलं असेल, तर तो नवा नवरा सादर करतो आणि नोंद साधारण अशी पडते: ‘अमुक, आणि त्याची बायको तमुक, जी मयताच्या मिळकतीची व्यवस्थापक होती’. लग्नाचा एकही कागद उरला नसला, तरी ही एक ओळ दोन लग्नं एकमेकांना जोडते. आपल्याकडच्या फेरफार नोंदीतून वारस उलगडतात, तसंच हे.

मुलांसाठी पालक नेमल्याच्या नोंदी बघा. बाप वारला की, आई जिवंत असली तरी, मुलं कोर्टाच्या लेखी अनाथच. मूल 14 वर्षांचं झालं की पालक स्वतः निवडू शके. म्हणजे 1783 मध्ये एखाद्या मुलाने पालक निवडला असेल, तर त्याचा जन्म 1769 च्या अलीकडचा असू शकत नाही. विल्सन की पोग, हा निकाल बऱ्याचदा इथेच लागतो.

आता सगळ्यात मोठा सापळा. व्हर्जिनियात (केंटकी 1792 पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग होतं) मृत्युपत्र नसेल तर बापाची सगळी जमीन थोरल्या मुलाला जाई. हा नियम 1 जानेवारी 1787 पासून बंद झाला. पोग 1778 चा, लिंडसे 1782 चा, म्हणजे दोघेही जुन्या कायद्याखालचे. तेव्हा जमिनीच्या कागदावर एकच वारस दिसला, म्हणून ‘त्याला एकच मूल होतं’ असं अजिबात धरू नका. धाकटी भावंडं जंगम मिळकतीच्या वाटणीत सापडतात. विधवेला जमिनीचा तिसरा हिस्सा तिच्या हयातीपुरता मिळे. तो मोजून दिल्याची नोंद असेल तर हद्दींसकट हाती लागते.

हद्द-शिवार

वर जे कागद सांगितले ते कुठे आहेत, हाही प्रश्न आहे, कारण ॲन जागची हलली नाही पण काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बदलत गेली. हॅरड्सबर्ग आधी फिनकॅसल काउंटीत. 1776 च्या अखेरीस केंटकी काउंटी झाली. 1780 मध्ये तिचे तीन तुकडे पडले, त्यातल्या लिंकनमध्ये हॅरड्सबर्ग गेलं, आणि 1785 च्या कायद्याने मर्सर. नवी काउंटी निघाली तरी जुनं दप्तर जुनीकडेच राहतं. म्हणून लिंडसेची मिळकत मर्सरमध्ये शोधून हाती काही लागणार नाही. ती लिंकनची, म्हणजे तिथल्या मुख्य ठिकाणी, स्टॅनफर्डला. मॅकगिंटीच्या काळासाठी मर्सर. पोग घराणं व्हर्जिनियातल्या ऑगस्टा भागातलं. विल्सनच्या लग्नासाठी ऑगस्टा बघा आणि 1770 नंतरची बोटेटॉर्टही. ऑगस्टाच्या छापील सारांशांवर थांबू नका, मूळ पानाची प्रतिमा काढा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर बरीच फुकट आहेत, पण नावाने शोधून येतीलच असं नाही. काउंटीच्या कॅटलॉगमधून शिरून पानं उलटावी लागतात.

पोगची जमीनही तपासा. 1779-80 मध्ये जमीन आयोगाने 1778 पूर्वी वसलेल्यांना 400 एकरांचे दाखले दिले, लगतच्या 1000 एकरांवर पहिला हक्कही. पोग तोवर वारला होता, म्हणजे दावा वारसाच्या नावाने असणार. वॉरंट, नोंद, मोजणी आणि सनद अशा चार पायऱ्या असत, आणि मधे कित्येक वर्षं जात. सनदेवर मयताचं नाव दिसलं म्हणून तो तेव्हा जिवंत होता असं होत नाही. केंटकीच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या लँड ऑफिसने या प्रतिमा ऑनलाइन ठेवल्या आहेत.

करयाद्या विसरू नका. त्यांत 21 वर्षांवरचे पुरुष येतात, आणि स्वतःचं घर चालवणाऱ्या विधवाही. मुलगा स्वतःच्या नावाने पहिल्यांदा कधी दिसतो, त्या सालातून 21 वजा करा.

मूळशोध

फार उपयोगी. लग्नाच्या बाँडवरून (लग्नाआधी जामीनदारासह दिलेल्या हमीपत्रावरून) माहेरचं नाव मिळेल का? आणि डीएनए चाचणीने काही साधेल?

जुनं दप्तर

बाँडवर विधवेचं नाव आधीच्या नवऱ्याच्या आडनावाने असतं, माहेरच्या नव्हे. कितीतरी वंशवृक्ष तिथेच बिघडतात. तिथे जामीनदार कोण आहे ते बघा. बऱ्याचदा तो बाईचा भाऊ, दीर किंवा मोठा मुलगा असतो. आडनावाची स्पेलिंगं सगळी शोधा: पोग, पोएज, पोक, लिंडसी, मगिंटी.

विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीतला ड्रेपर संग्रह (जुन्या कागदपत्रांचा आणि आठवणींचा साठा) हाही बघा. त्यातल्या केंटकी पेपर्सच्या खंडांना ‘सीसी’ अशी खूण आहे. ॲनची मुलगी एलिझाबेथ थॉमस हिच्या आठवणी त्यात आहेत. किल्ल्यात कोण राहत होतं, कोणाचं कोणाशी नातं, यासाठी त्या उत्तम. सालांसाठी मात्र कोर्टाचा कागदच प्रमाण माना, म्हातारपणी सांगितलेली सालं मागेपुढे होतात.

पेशी-गुणसूत्र

सर्वसाधारण डीएनए चाचणीवर भिस्त ठेवू नका. सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी 1/128, म्हणजे 0.8 टक्क्यांहून कमी. मायटोकाँड्रियल चाचणी (फक्त आईकडून येणारा डीएनए तपासणारी) उपयोगी पडेल, पण लेकीची लेक, तिची लेक अशी अखंड बायकांची साखळी ॲनपर्यंत हवी. अशा दोन वेगळ्या लेकींच्या शाखांतल्या माणसांचे निकाल जुळले, तर दोघी एका आईच्या असण्याला बळ येतं. बाप कोण हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पोग मुलांच्या पुरुष वंशजाची वाय चाचणी (बापाकडून लेकाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासणारी) करून ऑगस्टाच्या पोगांशी ताडून बघा. सुनेच्या घरी आधी हे विचारा की ॲनपासून खाली येणारी साखळी लेकींची आहे की लेकांची. चाचणी कोणती घ्यायची ते त्यावरच ठरेल.